‘पुन्हा’ची खूण

यंत्रशाळेत तयार भाग तपासण्याच्या दोन पद्धती असतात. पहिलीत माप घेतात. व्यास किती, जाडी किती, खडबडीतपणा किती, ते आकड्यांत मांडतात. दुसऱ्या पद्धतीत माप घेतच नाहीत. गो-नोगो गेज नावाची एक पोलादी कांडी असते. तिचे एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. भाग किती चांगला आहे हे ती सांगत नाही. तो चालेल की चालणार नाही, एवढेच सांगते.

तंत्रनिकेतनात मी आयुष्यभर मुलांना या दोन्ही पद्धती शिकवल्या. आमच्या ‘हस्तवाणी’ संस्थेसाठी सल्लागार निवडण्याची वेळ आली तेव्हा मी पहिली पद्धत स्वीकारली आणि अनुभव, आराखडा, पूर्वीच्या कामाची पडताळणी अशा रकाने पाडलेल्या तक्त्यात प्रत्येक रकान्याला गुण ठेवले. माझ्या पत्नीने, इंदुमतीने, तो तक्ता नीट वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि दुसरी पद्धत लावली.

इंदू जन्मतः कर्णबधिर. गडहिंग्लजबाहेर आजऱ्याच्या रस्त्याला कर्णबधिर मुलांची ही निवासी शाळा तिने उभी केली. शाळेचे दोन रिवाज आहेत. सभागृहात कोणीही आवाज वापरायचा नाही; मंत्री आले तरी त्यांनी हातांनी बोलावे किंवा दुभाषी आणावा. दुसरा रिवाज ‘पुन्हा’चा. डाव्या तळव्यावर उजव्या हाताचे बोट टेकवून एक गिरकी घ्यायची, की समोरच्याने सांगितलेले पुन्हा सांगायचे. कितीही वेळा, न कंटाळता. ‘पुन्हा’ विचारल्याबद्दल आमच्याकडे कोणाला कधी रागावलेले नाही. न समजता मान डोलावली, तर मात्र इंदू रागावते.

त्याला कारण आहे. निपाणीतल्या तिच्या माहेरी सगळी बोलणारी माणसे. ती लहान असताना तिच्या आईला दवाखान्यात नेले. निघताना आई तिच्याजवळ वाकून काहीतरी बोलली. इंदूने सवयीप्रमाणे मान डोलावली. आई परत आली नाही. ती काय बोलली होती, हे इंदूला आजही ठाऊक नाही.

*

सल्लागाराची गरज का पडली, ते सांगण्यासाठी थोडे विज्ञान सांगावे लागेल.

कानाच्या आत शंखासारखी एक पोकळी असते. तिच्यातल्या पेशी हवेच्या कंपनाचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. अनेक बाळांच्या त्या पेशी जागच्या जागी असतात, पण एका जनुकातल्या चुकीमुळे संदेश पुढे जात नाही. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर ते जनुक दुरुस्त करून कानात सोडता येऊ लागले आणि पुढे जिल्हा रुग्णालयातही बाळ पाळण्यात असतानाच ही दुरुस्ती होऊ लागली. आमच्या शाळेतले पलंग रिकामे होत गेले. ज्यांच्या कानापासून मेंदूकडे जाणारा तंतूच तयार झालेला नाही, अशी थोडी मुले उरली. त्यांच्यासाठी अजून काही निघालेले नाही.

मोठ्यांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. कान दुरुस्त झाला तरी मेंदूला आवाजाचा अर्थ लावता येत नाही. ते शिकण्याचे दार बाळपणीच बंद होते. हे दार पुन्हा उघडणारे औषध निघाले. पण मेंदू जागा रिकामी ठेवत नाही. कारखान्यात लेथ कधी आलाच नाही, तर त्याच्या जागी वेल्डिंगचे टेबल लागते आणि काम सुरू होते. जन्मतः कर्णबधिर माणसाच्या मेंदूत आवाजाच्या जागेवर डोळ्यांचे आणि हातांच्या भाषेचे काम चालते. औषधाने दार उघडले, आवाज आत आला आणि आपली जागा मागू लागला. टेबल हलवावे लागते. औषध घेतलेल्यांची खुणांची भाषा हळूहळू उतरते. हात हलतात, पण मातृभाषा परकी होत जाते.

आमच्या मुलीने, रेवतीने, ते औषध घेतले.

तीही जन्मतः कर्णबधिर. तिची भाषा इंदूच्या मांडीवर घडलेली, आणि इतकी देखणी, की तिचे बोलणे पाहायला शेजारची ऐकणारी मुलेही कुंपणाशी उभी राहत. पुढे ती समाजकार्य शिकली, पुण्यात संस्थांच्या पुनर्रचनेचे काम करू लागली. तिची मुलगी चार्वी तशीच जन्मली, पाळण्यात असतानाच तिच्यावर उपचार झाला आणि ती बोलू लागली. दिवसभर, तोंडाने. तिचे बोलणे तिच्या आईला ऐकू येत नव्हते. रेवतीने निर्णय घेतला.

उपचाराचा नियम असा, की पहिले वर्ष हात वापरायचे नाहीत, म्हणजे आवाजाला जागा मिळते. त्या वर्षात ती गडहिंग्लजला आली नाही. इंदूशी तिचे बोलणे मोबाइलवरच्या लिखित निरोपांपुरते उरले.

*

आता शासनाने किमान विद्यार्थिसंख्येची अट घातली होती. शाळा दुसऱ्या संस्थेत विलीन करायची, तिचे स्वरूप बदलायचे, की ती बंद करायची, हे ठरवायला बाहेरचा सल्लागार नेमावा असे विश्वस्तांनी ठरवले. अर्जांची छाननी होऊन दोन नावे उरली. पुण्याचे नीरज भावसार. आणि रेवती.

“वणकुद्रे सर, तुम्ही बाजूला व्हा म्हणजे झालं,” आमच्या अध्यक्षा डॉ. यास्मिन पटवेगार म्हणाल्या. त्या कान-नाक-घशाच्या निवृत्त डॉक्टर. “बापानं मुलीला गुण दिले, असं नको व्हायला.”

“मी बाजूला होईन. पण इंदूला होता येत नाही. कर्णबधिर विश्वस्ताच्या मताशिवाय सल्लागार नेमायचा नाही, अशी घटनेतच तरतूद आहे. आणि तशी विश्वस्त ती एकटीच.”

“ही तरतूद कोणी घातली?”

“इंदूनंच.”

“मग भोगा,” डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

संस्थेचा सचिव म्हणून मी मुलाखतीत टिपणे घ्यायची आणि मत द्यायचे नाही, असे ठरले.

मुलाखतीच्या दिवशी रेवती लवकर आली. मी कार्यालयात कुलूप काढत होतो.

“आप्पा,” मागून आवाज आला.

माझ्या मुलीने मला हाक मारलेली मी प्रथमच ऐकत होतो. शब्दाच्या शेवटी आवाज जरा जास्त वर गेला. किल्ली कुलपात तशीच राहिली.

“उमेदवाराला चहा विचारायची पद्धत नाही वाटतं तुमच्याकडे?”

“मुलाखतीपूर्वी नाही. पाणी मिळेल.”

“तुम्ही अगदी तस्सेच आहात,” ती म्हणाली. मग खुर्चीवर बसून तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. “आप्पा, हे काम मला हवंय. फीसाठी नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, वर्ष संपलंय, आता हात रोज वापरले तर थोडंफार टिकेल. पुण्यात कुणाशी वापरू? घरात सगळे बोलतात. इथं महिन्यातले आठ-दहा दिवस राहिले, मुलांशी, आईशी बोलत राहिले, तर राहील काहीतरी.”

“हे आईला सांगितलंस?”

“आईला काय सांगू? की तुझी भाषा माझ्याकडून चाललीय?” तिने खिडकीबाहेर पाहिले. “चार्वी परवा शेजारच्या खोलीतून ‘आई’ म्हणाली. भिंतीपलीकडून. मला दिसत नव्हती, तरी कळलं. मी चूक केली असं म्हणा हवं तर. पण तो आवाज परत द्या म्हणालात, तर मी देणार नाही.”

“मी तसं म्हणत नाही.”

“आणि आई?”

घंटेऐवजी आमच्याकडे दिवा लागतो. तो लागला.

*

प्रथम भावसार सभागृहात आले. त्यांना खुणांचा गंधही नव्हता. त्यांच्या चष्म्यात दुभाषी यंत्र होते; समोरचे हात पाहून ते काचेवर मराठी अक्षरे उमटवी, आणि भावसार मोबाइलवर जे टाइप करीत ते पडद्यावर खुणांच्या आकृतीत दिसे. चष्म्याची एक अट होती. बोलणाऱ्याचे हात आणि चेहरा सतत चौकटीत असले पाहिजेत. त्यामुळे तो माणूस इंदूकडे असा टक लावून बसला, की डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

प्रत्येक उमेदवाराला सुरुवातीला ‘पुन्हा’ची खूण शिकवली जाते. भावसारांनी ती फारच मनावर घेतली. इंदू आमच्या भागातल्या खुणा वापरते. यंत्र पुण्यामुंबईकडच्या खुणांवर तयार झालेले. एकदा यंत्राने ‘वसतिगृह’च्या जागी ‘गोठा’ असे दाखवले. भावसारांनी गंभीरपणे विचारले, “संस्थेकडे जनावरं किती आहेत?” पडद्यावरची आकृती तितक्याच गंभीरपणे शिंगे दाखवू लागली. इंदू खांदे हलवत हसली.

“सध्या मुलंच आहेत,” ती म्हणाली.

खुणांच्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद नसतो. समोर बोट दाखवायचे. म्हणून तिचे बोलणे मी एकेरीत लिहितो.

मग तिने तिचा प्रश्न विचारला. तक्त्यात नसलेला, तिने दोघांसाठी राखून ठेवलेला, तो एकच.

“ज्यांना औषध लागू पडत नाही ती मुलं तू दुसऱ्या शाळेत पाठवणार. तिथल्या वसतिगृहात एखाद्याला ताप आला, तर कुठं दुखतंय ते त्यानं कुणाच्या हातांशी बोलायचं? तुझ्या आराखड्यात तो माणूस आहे का?”

भावसारांनी तळव्यावर बोट टेकवले. पुन्हा. इंदूने पुन्हा सांगितले. त्यांनी आणखी एकदा गिरकी घेतली. तिसऱ्या वेळेला त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी सावकाश टाइप केले.

“नाही. तो माणूस माझ्या आराखड्यात नाही. मी हा विचारच केला नव्हता.”

इंदूने त्यांना मान लववून निरोप दिला.

*

नंतर रेवती आली. यंत्राविना, पडद्याविना. ती आईसमोर बसली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिले. वर्षभरानंतरचे ते पाहणे मुलाखतीच्या नियमात बसणारे नव्हते, पण डॉक्टरांनी घाई केली नाही.

तिने सुरुवात चांगली केली. तिचा आराखडा भावसारांपेक्षा कितीतरी भक्कम होता. शाळा बंद करायची नाही. उपचार घेतलेली मुले आणि मोठी माणसे इथे येऊन हातांची भाषा राखतील, आणि त्यांच्यामुळे उरलेल्या मुलांना शेजार मिळेल. उत्पन्न, शिक्षक, परवानग्या, सगळे तिने बसवले होते. पण हात जड पडत होते. पूर्वी तिचे हात पाण्यासारखे वाहत. आता ती एक खूण पूर्ण करून थांबे आणि मगच पुढची घेई. परक्या गावात वळणावळणावर थबकणाऱ्या माणसासारखी ती बोलत होती. इंदू सगळे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसू नये याची काळजी ती घेत आहे, हे मला दिसत होते.

मग इंदूने तोच प्रश्न विचारला, फक्त दुसऱ्या शाळेऐवजी आपल्याच वसतिगृहाचा, आणि शेवट ‘कुणाच्या हातांशी?’ यावर केला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंदू मनापासून, आवेगाने बोलू लागली की तिच्या घशातून आवाज येतो. लाकडावर रंधा अडखळत चालावा तसा, जाड आणि तुटक. तिला तो ठाऊक नव्हता. मी लग्नापासून तो ऐकत आलो होतो. माझ्यासाठी तो आमच्या घराचा आवाज होता. घरातल्या दोघींना आवाज या गोष्टीशी कर्तव्य नव्हते, त्यामुळे त्यावर बोलण्याचा प्रसंग आला नाही.

प्रश्नाच्या मध्यावर, तापाने फणफणलेल्या मुलापाशी इंदूचे हात पोचले, तेव्हा तो आवाज निघाला.

रेवती दचकली. तिचे डोळे आईच्या हातांवरून सुटले आणि गळ्यावर गेले. ओठ अर्धवट उघडले. चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकून गेले. आणि त्या वेळात इंदूचे हात पुढे निघून गेले होते. वसतिगृह, दुखणे, ‘कुणाच्या हातांशी’. ती परत हातांवर आली तेव्हा प्रश्न संपला होता. इंदू थांबली होती. उत्तराची वाट पाहत होती.

मला वाटले, आता ती तळव्यावर बोट टेकवील.

रेवतीने मान डोलावली. हो.

इंदूने भावसारांना दिला होता तसाच निरोप तिला दिला.

*

इंदूने कागदावर भावसारांच्या नावाखाली रेघ ओढली. “भावसार?” डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली; आम्ही अजून सभागृहात होतो. त्यांनी हात उचलले. त्यांचे हात नेहमीच धांदरट. “त्याला काही येत नाही. तुझ्या मुलीला सगळं येतं. एकदा नजर हलली. माणसाचं लक्ष जातं.”

“नजर हलली त्याचं नाही,” इंदू म्हणाली. “तिनं मान डोलावली.”

“मग तेव्हाच विचारायचं होतंस, मी काय म्हणाले ते सांग.”

“मी मुलांनाही असं विचारत नाही. अपमान होतो.” तिने हात खाली ठेवले आणि पुन्हा उचलले. “भावसारला कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही हे त्याला माहीत आहे. तो विचारत राहील. हिला वाटतं, आईचं बोलणं आपल्याला कळलंच पाहिजे. ही विचारणार नाही. मुलं सांगतील, ही मान डोलावेल, आणि कुणाला पत्ता लागणार नाही.”

“तिचा आराखडा चांगला आहे.”

“तो भावसारला द्या, तिची परवानगी घेऊन. आराखड्याला डोळे लागत नाहीत.”

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद गोळा केले. त्यांनी होकार दिला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या. इंदू माझ्याकडे वळली.

“ती काय ऐकत होती?”

मी खोटे बोलू शकलो असतो. बाहेर गाडी वाजली, असे सांगता आले असते.

“तुला.”

तिला समजले नाही. तिने तळव्यावर बोट टेकवले. पुन्हा.

“तू जोरात बोलतेस तेव्हा तुझ्या घशातून आवाज येतो. नेहमी येतो.”

तिने आपला हात हळूच गळ्यावर ठेवला, तिथे काही सापडते का ते पाहावे तसा.

“वाईट आहे?”

“नाही.”

“तिच्या चेहऱ्यावर दिसलं,” ती म्हणाली, आणि उठून खिडकीशी गेली. आमच्यात पाठ फिरवणे म्हणजे बोलणे संपवणे.

*

निर्णय उमेदवाराला सचिवाने तोंडी कळवायचा, अशी आमची पद्धत आहे. मी कार्यालयात जाऊन तो कळवला. कारणही सांगितले.

रेवतीने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आराखडा त्यांना द्या. मुलं तीच आहेत.”

आणि थोड्या वेळाने: “मला विचारायला हवं होतं. कळत होतं मला. हातही उचलला होता, आप्पा. पण आईला ‘पुन्हा’ म्हणायचं? सगळ्या जगाला म्हणेन. माझ्या आईला?”

“आईनं तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी पाहिलं,” मी म्हणालो. “तिला वाटतं, तिचा आवाज तुला सहन झाला नाही.”

तिने झटकन वर पाहिले. “सहन? आप्पा, तिला आवाज आहे हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी वर्षभर जगातले सगळे आवाज शिकत होते. मिक्सर, पोपट, बसचे ब्रेक. आणि आई मुकी आहे असं धरून चालले होते.” तिचा आवाज फाटला, रडताना आवाज कसा आवरायचा हे ती अजून शिकली नव्हती. “मला तो आणखी ऐकायचा होता. म्हणून तिचे हात नजरेतून सुटले.”

“हे तिला सांग.”

“कशानं सांगू? एवढं सांगायला माझे हात आता पुरत नाहीत.”

तिने पिशवी उचलली. फाटकाबाहेर बसस्थानकाला जाणारी रिक्षा थांबली होती. मी व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेलो. इंदू तिथे खांबाला टेकून उभी होती. ती कधी आली ते मला कळले नव्हते.

रेवती पटांगणातून चालत निघाली होती. आम्ही मागे उभे आहोत, हे तिला माहीत नव्हते. इंदूने पाय आपटला. पाठमोऱ्या माणसाला आमच्यात असेच बोलावतात. लाकडी जमिनीवर थरथर पोचते. पण इथे खाली फरशी होती आणि पुढे माती. काही पोचले नाही. तिने दोन्ही हात उंच हलवले. रेवती पाठमोरी होती.

मी हाक मारायला तोंड उघडले. इंदूने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवले.

मग तिने तळवा आपल्या गळ्यावर टेकवला, डोळे मिटले आणि आवाज काढला.

तो शब्द नव्हता. ज्या शाळेत आवाज न वापरण्याचा रिवाज तिनेच घातला होता, त्या शाळेच्या पटांगणावरून तो रंधा अडखळत, तुटत, मोठा होत गेला. तो आपल्याकडून निघाला की नाही, हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून ती तो थांबवत नव्हती.

रेवती जागच्या जागी थांबली आणि वळली.

इंदूने डोळे उघडले. ती वळलेली दिसताच तिने गळ्यावरचा हात काढला आणि बोलू लागली. फार बोलली. भराभर, पूर्वी ती मुलीशी बोलत असे त्या वेगात. मी बाजूला असल्याने मला तिचे हात अर्धेच दिसत होते, आणि ते पाहायला मी पुढे झालो नाही.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. लांबलचक, वैतागून. रेवतीने मान वळवली नाही. त्याने आणखी एकदा वाजवला. तिचे डोळे आईच्या हातांवर होते आणि तिथून हलले नाहीत.

इंदूचे बोलणे संपले. रेवती उभी होती. मग तिने पिशवी मातीत ठेवली, डावा तळवा पुढे केला आणि त्यावर उजव्या हाताचे बोट टेकवून सावकाश गिरकी घेतली.

इंदूने पुन्हा सांगायला सुरुवात केली.